चाकं खुर्चीची, पण हात कुणाचे?

पुण्यात घरातलं कुणी बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडून घेतं, ऑपरेशन होतं आणि डिस्चार्जच्या आदल्या दिवशी धावपळ सुरू होते. कुणीतरी सुचवतं, विकत कशाला घेता, रुग्णोपयोगी साहित्य केंद्रातून भाड्याने आणा की. अनामत रक्कम भरायची, आधार कार्डाची झेरॉक्स द्यायची आणि वॉकर, कमोड चेअर, हवेची गादी, व्हीलचेअर, जे लागेल ते रिक्षात घालून घरी आणायचं. सोय उत्तमच आहे, दोन-तीन महिन्यांच्या दुखण्याला पुरते. घोळ होतो तो तीच खुर्ची आयुष्यभरासाठी घरात राहते तेव्हा.

व्हीलचेअर या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. एकीची चारही चाकं लहान असतात. ती फक्त मागून ढकलता येते. बसलेल्याला पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे कुठेच स्वतःहून जाता येत नाही. दुसरीची मागची चाकं मोठी, साधारण २४ इंचांची असतात आणि त्यांच्या बाहेरून एक कडी बसवलेली असते. ती कडी हाताने फिरवत बसणारा स्वतः खुर्ची चालवतो. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी उभ्या असतात आणि निर्णय बहुतेक वेळा ढकलणारा घेतो. डिकीत मावते का, हलकी आहे का, स्वस्त कुठली. बसणारा तेव्हा घरी पलंगावर असतो.

व्हीलचेअरचा इतिहास नीट पाहिला तर या एकाच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो. खुर्ची कुणाच्या हातात? आणि गंमत म्हणजे, ती बसणाऱ्याच्या हातात आणायचं काम बऱ्याचदा बसणाऱ्यानेच केलेलं आहे.

चाक जुनं, खुर्चीही जुनी. मग दोन्ही एकत्र यायला इतका वेळ का लागला? कारण चाकाला सपाट जमीन लागते. घाट, पायऱ्या, चिखल, दगडगोटे असलेल्या मुलखात चाकापेक्षा माणसाचा खांदा बरा. आपल्याकडे म्हणूनच पालखी, मेणा आणि डोली. भोई पायऱ्या चढतो, ओढा ओलांडतो. अर्थात ज्याला भोई परवडतात त्याच्यासाठी. बाकीच्यांना काठी, कुबडी किंवा घरातल्या कुणाची तरी पाठ. तुटलेल्या पायाला दुसरा पाय लावायची कल्पना मात्र फार जुनी. ऋग्वेदात विश्पलेची गोष्ट आहे: लढाईत तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला धातूचा पाय दिला. ती कथा म्हणूनच वाचावी. पण इजिप्तमध्ये एका ममीच्या पायाला लाकडी अंगठा सापडला आहे, सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा, आणि तो दिखाऊ नाही; वापरून झिजलेला आहे.

युरोपात चाकांच्या खुर्चीचं नाव घेतलं की पहिल्यांदा स्पेनचा राजा दुसरा फिलिप आठवतो. त्याला गाऊट होता, म्हणजे सांध्यांत युरिक अॅसिडचे खडे साचून होणारा भयंकर दुखरा आजार. १५९५ च्या सुमारास त्याच्यासाठी केलेल्या खुर्चीचं चित्र उपलब्ध आहे. पाठ मागे कलते, पाय ठेवायला फळी वर येते, खाली चार बारकी चाकं. आजच्या रिक्लायनर सोफ्याची पणजीच म्हणायची. पण राजाला ती स्वतः एक फूटभरही हलवता येत नव्हती. ढकलायला नोकर होते, त्यामुळे त्याची गरजही कुणाला वाटली नसावी.

ती गरज वाटली एका घड्याळजीला. जर्मनीत न्युरेम्बर्गजवळच्या आल्टडॉर्फ गावच्या स्टेफान फार्फलरला लहानपणापासून चालता येत नव्हतं. दातेरी चाकं हा तर त्याचा रोजचा धंदा. १६५५ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने स्वतःसाठी तीन चाकी गाडी बनवली. पुढच्या चाकाला दातेरी चाकांची जोडणी आणि दोन्ही हातांनी फिरवायचे दांडे. दांडे फिरवले की गाडी पुढे. हे वर्णन ओळखीचं वाटलं ना? पुणे स्टेशनच्या बाहेर किंवा एखाद्या झेरॉक्सच्या दुकानापाशी दिसणारी हाताने चालवायची तीनचाकी सायकल याच तत्त्वावर चालते, फक्त दातेरी चाकांच्या जागी सायकलची चेन आली. रस्त्यावर लांब पल्ल्यासाठी ती कडी ढकलत जाण्यापेक्षा बरी, कारण हात गोल फिरत राहतात, दर वेळी पकड सोडून पुन्हा धरावी लागत नाही. तोटा असा की वळायला ऐसपैस जागा लागते. घराच्या आत ती निरुपयोगी.

फार्फलरनंतर सव्वाशे वर्षांनी गाडी पुन्हा दुसऱ्याच्या हातात गेली. इंग्लंडमधल्या बाथ या गावी गरम पाण्याचे झरे आहेत, तिथे दुखणाईत श्रीमंतांची रीघ लागायची. १७८३ साली तिथल्या जॉन डॉसनने तीन चाकांची आरामशीर खुर्ची विकायला काढली. तिला बाथ चेअरच म्हणू लागले. दिशा वळवायचा दांडा बसणाऱ्याच्या हातात, पण ओढायला माणूस किंवा गाढव.

एकोणिसाव्या शतकात हळूहळू आजच्या खुर्चीचा आकार दिसू लागला: मागे मोठी चाकं, पुढे गरगर फिरणारी लहान चाकं. या पुढच्या चाकांना कॅस्टर म्हणतात. खुर्ची वळवायला वेगळं स्टिअरिंग का लागत नाही, याचं उत्तर त्यांच्यात आहे. डावं मोठं चाक धरून ठेवलं आणि उजवं पुढे ढकललं की कॅस्टर आपोआप वळतात आणि खुर्ची जागच्या जागी डावीकडे फिरते. कल्पना झकास, पण कॅस्टर जितका लहान तितका तो अडकतो. दोन पेव्हर ब्लॉकमधली फट, ड्रेनेजच्या झाकणाची कड, लिफ्ट आणि मजला यांच्यामधली चीर. कॅस्टर अडकला की खुर्ची थांबते आणि बसणारा पुढे फेकला जातो. म्हणून बाहेर फिरणाऱ्याने मोठे कॅस्टर घ्यावेत, घरातच राहणाऱ्याला लहान चालतात.

या काळातल्या खुर्च्या लाकडाच्या आणि वेताच्या, अवजड, न मिटणाऱ्या होत्या. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ मध्ये, ३९ व्या वर्षी, पोलिओसारख्या आजाराने गाठलं आणि पाय गेले. बाजारातल्या अगडबंब खुर्च्या त्यांच्या घरात फिरेनात. त्यांनी जेवणाच्या टेबलापाशी असते तशी साधी, हात नसलेली खुर्ची घेतली आणि तिच्याखाली चाकं बसवून घेतली. अरुंद दारातून जाईल अशी. खुर्ची दारात बसत नाही, हे दुखणं व्हाईट हाउसपासून सदाशिव पेठेपर्यंत सारखंच आहे.

मिटणारी खुर्ची आली ती हर्बर्ट एव्हरेस्टमुळे. हा खाणीतला इंजिनिअर. १९१८ मध्ये अपघातात त्याचा कणा मोडला. त्याला मोटारीतून फिरायचं होतं आणि खुर्ची मोटारीत जात नव्हती. हॅरी जेनिंग्ज या इंजिनिअर मित्राबरोबर त्याने १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलादी नळ्यांची खुर्ची तयार केली. बैठकीखाली दोन नळ्या एकमेकींवर फुलीसारख्या, मध्ये खिळ. बैठक मधून वर उचलली की फुली मिटते आणि दोन्ही चाकं शेजारी शेजारी येतात. रुग्णालयात, विमानतळावर, भाड्याच्या केंद्रात आजही जी खुर्ची दिसते ती म्हणजे हीच. नव्वद वर्षांत तिच्यात फार मोठा बदल झालेला नाही.

आता हे कौतुक वाटावं की खेद? मला खेद जास्त वाटतो, आणि त्यामागे कारण आहे. त्या दोघांच्या कंपनीने बाजार असा ताब्यात घेतला की १९७७ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याला तिच्यावर मक्तेदारीचा खटला भरावा लागला. रुग्णाने काढलेली कंपनीही मोठी झाली की रुग्णाचं ऐकेनाशी होते, एवढा अर्थ मी तरी त्यातून काढतो. पुढची उडी पुन्हा बाहेरच्या माणसाने मारली. कॅलिफोर्नियातल्या मॅरिलिन हॅमिल्टनला १९७८ मध्ये हँग ग्लायडिंग करताना, म्हणजे नळ्यांच्या सांगाड्यावर ताणलेल्या पंखाला लटकून हवेत तरंगताना, अपघात झाला आणि कमरेखालचा भाग लुळा पडला. समोर आलेली खुर्ची तिला जड, राखाडी आणि दवाखान्यासारखी वाटली. ग्लायडर बनवणाऱ्या दोन मित्रांना तिने सांगितलं, याच अॅल्युमिनियमच्या नळ्यांची मला खुर्ची करून द्या. झालेली खुर्ची जुनीच्या जवळपास निम्म्या वजनाची होती आणि रंग भडक. क्विकी या नावाने ती जगभर गेली.

वजनाला एवढं महत्त्व का? वीस किलोची खुर्ची आणि दहा-बारा किलोची खुर्ची यांत सपाट फरशीवर चालताना फार फरक जाणवणार नाही. फरक जाणवतो चढावर, आणि संध्याकाळी खांद्यात. ज्याचे पाय चालत नाहीत त्याचे खांदे हेच पाय असतात, आणि खांद्याचा सांधा त्यासाठी बनलेलाच नाही. तो एकदा दुखावला की पलंगावरून खुर्चीत सरकणंही बंद. हलक्या खुर्चीत मागच्या चाकाचा आस थोडा पुढे घेता येतो, त्यामुळे बसणाऱ्याचा भार मोठ्या चाकांवर येतो, ढकलायला कमी जोर लागतो आणि पुढची चाकं उचलून छोटा उंबरा ओलांडता येतो. आस जास्तच पुढे घेतला तर मात्र खुर्ची मागे उलटते. नवशिक्यासाठी म्हणून मागे दोन बारकी अडणी लावतात.

आता पुण्याकडे. इथल्या व्हीलचेअरचा इतिहास बराचसा लष्करी आहे. खडकीत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धातल्या अपंग सैनिकांना हातातलं काम शिकवण्यासाठी १९१७ मध्ये सुरू झालेली ही संस्था. वानवडीचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ चं, दुसरं महायुद्ध चालू असतानाचं. आणि १९७१ च्या युद्धानंतर, १९७४ मध्ये, खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर उभं राहिलं, कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी.

ही शेवटची तारीख महत्त्वाची आहे. पहिल्या महायुद्धात कणा मोडलेला सैनिक फार जगत नसे. मारत असे ती मूळ जखम नव्हे. एका जागी पडून झालेले बेडसोअर, म्हणजे दाबाने पडणाऱ्या जखमा, आणि लघवीचा जंतुसंसर्ग त्याला मारत. दुसऱ्या महायुद्धात पेनिसिलिन आलं. त्याच सुमारास नाझींच्या छळामुळे जर्मनी सोडून इंग्लंडला गेलेल्या लुडविग गुटमन या डॉक्टरने स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात एक साधी शिस्त लावली: दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, रुग्णाची कूस बदलायची. माणसं जगू लागली. मग पुढचा प्रश्न आला, जगलेल्या माणसाने दिवसभर करायचं काय? गुटमनने त्यांना खेळायला लावलं. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकचं उद्घाटन चालू असताना, त्याने १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक झालं. १९७२ मध्ये हायडेलबर्गला झालेल्या त्या स्पर्धेत ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवणारे मुरलीकांत पेटकर सांगली जिल्ह्यातले आणि १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले. भारताचं पॅरालिंपिकमधलं ते पहिलं सुवर्ण. पेटकर पुढे पुण्यातच राहिले, पण पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं.

बेडसोअरचा मुद्दा खुर्चीलाही लागू आहे, आणि घरोघरी तिथेच चुकतं. बसलेल्या माणसाचा भार ढुंगणाच्या दोन टोकदार हाडांवर येतो. आपल्याला मुंग्या येतात, आपण चुळबुळ करतो. ज्याच्या संवेदना गेल्या आहेत त्याला काहीच कळत नाही आणि त्वचा आतून मरू लागते. मिटणाऱ्या खुर्चीची रेक्झिनची बैठक काही महिन्यांत झोळ पडून खाली जाते, मग मांड्या आत येतात, कंबर एका बाजूला कलते. म्हणून वर चांगली उशी हवी आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर जोर देऊन किंवा पुढे वाकून क्षणभर भार हलवायला हवा. मापंही बघावीत. चष्म्याचा नंबर तपासून घेतो, तसंच हे. अंगाने बारीक आजींना १८ इंची रुंद खुर्ची दिली की त्या एका कुशीवर कलंडतात आणि हात कडीपर्यंत पोचत नाहीत. मग घरचे म्हणतात, त्यांना चालवताच येत नाही.

मोटारीची खुर्ची आली ती ज्यांचे हातही लुळे पडले अशा सैनिकांसाठी. कॅनडाच्या जॉर्ज क्लाइन या इंजिनिअरने १९५० च्या दशकात ती व्यवहारात उतरवली. बोटाने किंवा हनुवटीने हलवायचा जॉयस्टिक, खाली बॅटरी. आता मद्रास आयआयटीतून निघालेल्या मंडळींनी मापाची खुर्ची आणि तिच्यापुढे जोडायचं मोटारीचं चाक असा जोड काढला आहे: घरात खुर्ची, बाहेर चाक जोडलं की स्कूटर. आपल्या रस्त्यांना मला हे परदेशी भारी खुर्चीपेक्षा जास्त पटतं.

काठी, कुबड्या आणि वॉकर यांच्याकडे थोडक्यात वळू. ते सोपे वाटतात म्हणून कुणी शिकवत नाही. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा खुबा दुखतो, तर काठी डाव्या हातात. बहुतेकांना हे उलटं वाटतं. पण चालताना डावा पाय उचलला की सगळा तोल उजव्या खुब्याच्या स्नायूंना सांभाळावा लागतो. त्याच क्षणी डाव्या हातातली काठी जमिनीवर टेकली तर त्या स्नायूंचं ओझं हलकं होतं. उंची मनगटापर्यंत, सरळ उभं राहून हात खाली सोडून मोजलेली. कुबडीचा भार पंजावर घ्यायचा. काखेवर रेलून चाललं तर काखेतली नस दबते आणि हात लुळा पडू शकतो. चाकं आणि ब्रेक असलेला, बसायला फळी असलेला वॉकर १९७८ मध्ये स्वीडनच्या आयना विफाल्कने केला, तिला स्वतःला पोलिओ झालेला होता. आणि जयपूर फूट हा त्याच्याआधी, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, आपल्याकडे झालेला चमत्कार. रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी हे सर्जन, दोघांनी मिळून रबराचा असा पाय घडवला की बूट घालावाच लागत नाही. परदेशी कृत्रिम पायाने मांडी घालता येत नव्हती, उकिडवं बसता येत नव्हतं, शेतातल्या चिखलात जाता येत नव्हतं. जयपूर फुटाने ते सगळं जमतं.

एवढी चार शतकांची धडपड, आणि मग खुर्ची येऊन थांबते कुठे? सोसायटीच्या लिफ्टपुढच्या तीन पायऱ्यांपाशी. १९९५ मध्ये अपंगांसाठीचा पहिला कायदा आला, २०१६ मध्ये नवा. या नव्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता येतील अशा करायच्या आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या एका नियमावर बोट ठेवलं: सुगम्यतेचे निकष सरकारने ऐच्छिक करून ठेवलेत, ते सक्तीचे करा. मेट्रोच्या स्थानकांवर लिफ्ट आहेत, फलाट आणि डब्याची पातळी जुळते. जंगली महाराज रस्त्याचा फूटपाथ ऐसपैस आहे. पण स्कूटर चढू नये म्हणून जिथे दोन खांबांमध्ये जेमतेम दोन फूट ठेवले जातात तिथे खुर्चीही थांबते. तिला तीन फूट तरी हवेत. स्कूटरवाले मात्र कडेने वाट काढतातच, हे काय पुणेकराला सांगायला हवं?

उताराचा हिशेब सोपा आहे. एक इंच चढायला बारा इंच लांबी. तीन पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, म्हणजे अठरा इंच उंची. उतार हवा अठरा फूट लांब, दोन्ही बाजूंना कठडा आणि वर पोचल्यावर वळायला पाच फूट चौरस सपाट जागा. बऱ्याच सोसायट्यांत रॅम्प म्हणून जो पाच-सहा फुटांचा गुळगुळीत ग्रॅनाइटचा उतार असतो, त्यावरून खुर्ची चढवणं दोन माणसांचं काम आहे आणि उतरवताना ती पाठमोरीच उतरवावी लागते, नाहीतर बसणारा पुढे घसरतो.

सध्या निम्मं पुणं रिडेव्हलपमेंटच्या मीटिंगांत बसलेलं आहे. तिथे कार्पेट एरिया आणि पार्किंगवर तासन्‌तास भांडण होतं. त्याच मीटिंगमध्ये नकाशा हातात असतानाच दोन गोष्टी मागून घ्याव्यात: तळमजल्यावरून लिफ्टपर्यंत एकही पायरी नको, आणि निदान एका बाथरूमचं दार तीन फुटी, बाहेर उघडणारं किंवा सरकतं असावं. भिंत बांधायच्या आधी यासाठी बिल्डरला फारसा खर्च येत नाही. टाइल्स लागल्यावर तेच दार रुंद करायला चौकट, भिंत, नळाची पाइपलाइन आणि शेजाऱ्यांचं नाहरकत पत्र, इतकं सगळं लागतं.